उजवा हात बाहेर

५ ऑगस्ट २०२५, मंगळवार

दोषी. मी.

शिक्षा अशी: कोर्ट उठेपर्यंत बसून राहायचं, दंड भरायचा आणि लायसन्स सहा महिने बंद. म्हणजे मी, भार्गवी जहागीरदार, निवृत्त बीज प्रमाणीकरण अधिकारी, जालन्याच्या कोर्टात मागच्या बाकावर संध्याकाळपर्यंत बसून होते. शेजारी बसस्टँडवर दारू पिऊन गोंधळ घातलेला एक माणूस. त्यालाही तीच शिक्षा. तो बसल्या बसल्या झोपला. मी ताठ बसले. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर ॲग्नेसनी मला एकदाही वर्गाबाहेर उभं केलं नव्हतं. ते काम या वयात सरकारनं केलं.

‘धोकादायक रीतीने वाहन चालविणे.’ हे शब्द मोठ्यानं वाचले गेले. ऐकताना काही वाटलं नाही. सकाळी चपलेचा अंगठा तुटला होता, त्याचं वाटत होतं.

अपील करणार. नक्की.

६ ऑगस्ट

घटना नीट लिहून ठेवते. निकालात नीट लिहिलेली नाही.

गेल्या वर्षीचा जानेवारी. सकाळची वेळ. भोकरदन नाक्याकडून घरी येत होते. आमच्या कॉलनीचा रस्ता उजवीकडे. वेग कमी केला. उजवा हात खिडकीबाहेर काढला, कोपर सरळ, आणि मागून पुढे असा मोठा फिरवला. उजवीकडे वळण्याचा इशारा. मग वळले. तेवढ्यात उजव्या बाजूनं एक स्कूटी आली आणि माझ्या दारावर आदळली.

स्कूटीवर सुमेधा नावाची बाई. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, बदनापूरहून रोज जाऊन-येऊन. तिचं मनगट मोडलं, आत प्लेट टाकली. वाईट झालं. मी तसं तेव्हाच म्हटलं होतं. पण कोर्टात तिनं काय सांगावं? मॅडमनी हात फिरवून मला पुढे जा म्हटलं, मी थँक्यू म्हणून पुढे निघाले, आणि त्या माझ्याच अंगावर वळल्या.

थँक्यू! खोटं बोलायचं तर निदान पटेल असं बोलावं. जालन्याच्या रस्त्यावर कोण कोणाला थँक्यू म्हणतं?

इंडिकेटर लावला नव्हता हे खरं आहे. मी लावत नाही. इंडिकेटर म्हणजे मशीननं टिकटिक करायची आणि माणसानं गप्प बसायचं. हात म्हणजे आपण स्वतः सांगणं. आरशात पाहिलं का, असं सरकारी वकिलांनी विचारलं. मी म्हटलं, इशारा दिल्यावर आरशात कशाला पाहायचं? मागच्यानं माझ्याकडे पाहायचं. हे उत्तर निकालात जसंच्या तसं उतरवलंय, पण माझ्या विरुद्ध.

इशारा बाबांचा. म्हणजे त्यांनी शिकवायला बसवलं नाही, मी शेजारी बसून पाहिला. मस्तगडला आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांची जुनी फियाट आली की हात बाहेर. पांढरी बाही. सावकाश, मागून पुढे. मग गाडी उजवीकडे गल्लीत. मागचे टांगेवाले, सायकलवाले, ट्रकवालेसुद्धा बाबांना हात उचलून नमस्कार करत पुढे जायचे. तार ऑफिसातला साधा अधिकारी, पण सगळं जालना ओळखायचं. तो मान आता राहिला नाही.

८ ऑगस्ट

अवधूतकडे गेले. पलीकडच्या गल्लीतला. लहान असताना मी त्याचं इंग्रजी सुधारायचा प्रयत्न केला होता, तो वकील झाला. कोर्टातली केसही त्यानंच चालवली, म्हणजे हरला.

म्हणाला, मावशी, सोडून द्या आता. बसायचं ते बसून झालं, दंड भरून झाला. सहा महिन्यांनी लायसन्स आपोआप येतंय. अपील करून भेटणार काय?

मी म्हटलं, नाव.

तो म्हणाला, नावाला काय झालं? कोणाला माहीत बी न्हाई.

मला माहीत आहे, म्हटलं. त्यानं डोकं खाजवलं आणि वकीलपत्र पुढे सरकवलं.

अपिलाचा मुद्दा मी स्वतः डिक्टेट केला, इंग्रजीत. आरोपीने नियमाप्रमाणे हाताने इशारा दिला होता, याकडे खालच्या कोर्टाने दुर्लक्ष केले. अवधूत म्हणाला, मावशी, हा मुद्दा नको, आपण पंचनाम्यातल्या चुकांवर जाऊ, रस्त्याची रुंदीच लिहिलेली न्हाई. मी म्हटलं, रस्त्याची रुंदी गेली खड्ड्यात. तो म्हणाला, गेलीच आहे, म्हणून तर लिहिता आली न्हाई त्यांना.

मुलगा बरा आहे. गंभीर नाही.

१२ ऑगस्ट

मोतीबागेत फिरायला गेले. ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या रस्ता सुरक्षा उपसमितीची मी अध्यक्ष. सगळे बाकावर बसले होते, मी आल्यावर पावसावर बोलायला लागले. पाऊस नव्हता.

शेवटी अप्पाराव म्हणाले (निवृत्त पोस्टमास्तर, मनानं चांगले, बोलण्यात पोस्टाइतकेच सावकाश), जहागीरदारबाई, लोक काय म्हणून राह्यले माहितंय का, रस्ता सुरक्षेला अध्यक्ष दुसरा बघावा. मी म्हटलं, कोण लोक? ते म्हणाले, आम्हीच.

मी राजीनामा देणार नाही. अपील प्रलंबित असताना राजीनामा म्हणजे कबुली. उलट या हिवाळ्यात मंडळाला हाताच्या इशाऱ्यांचं प्रशिक्षण देणार. अज्ञान हेच सगळ्याचं मूळ आहे.

१ सप्टेंबर

अपील दाखल. गौरी काल आल्या, आज जेवल्या. मी कोर्टात. दुर्गाबाईनं परस्पर पुरणपोळी केली आणि नैवेद्य दाखवला. ही गेली कित्येक वर्षं माझ्याकडे स्वयंपाकाला आहे आणि घर स्वतःचं असल्यासारखं चालवते. म्हणाली, तुमी कोर्टात गेल्ता तवा गौरी काय उपाशी बसवू का?

जेवताना तिला इशारा समजावून सांगितला. खुर्चीत बसून उजवा हात बाजूला काढला आणि मागून पुढे फिरवला. तिनं ताट उचललं आणि म्हणाली, जाऊ का मंग?

तिला काय कळणार.

९ सप्टेंबर

शिक्षेला स्थगिती. लायसन्स परत हातात. म्हणजे अपिलाचा निकाल लागेपर्यंत मी गाडी चालवू शकते. कायद्यानं. अवधूत म्हणाला, मावशी, आता फिरा बिनधास्त, फक्त मला घेऊन नका जाऊ.

संकल्प: उद्यापासून रोज सकाळी गाडी बाहेर काढायची. नाक्यापर्यंत जायचं आणि यायचं.

१० सप्टेंबर

पाऊस. काढली नाही.

११ सप्टेंबर

बॅटरी उतरली असणार. इतके महिने उभी आहे. किल्ली फिरवून पाहिली नाही, कारण उतरलेल्या बॅटरीला किल्ली फिरवून उपयोग नसतो.

३ ऑक्टोबर

काल दसरा. गाडीला झेंडूचा हार घातला. दुर्गाबाई म्हणाली, हार घालून उभीच ठेवायची असंल तर फोटो काढून भिंतीला लावा. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

उजव्या दाराला पोचा अजून तसाच. गॅरेजवाला करून देतो म्हणतो. मी थांबवलंय. पुरावा आहे. (अवधूत म्हणतो, पुरावा कशाचा मावशी, आपल्याच विरुद्ध?)

१८ नोव्हेंबर

पहिली तारीख. सेशन्स कोर्ट. रिक्षानं गेले, गाडीची हवा कमी होती. सरकारी वकील गैरहजर. पुढची तारीख. दिवसभर बाकावर. शेजारची बाई म्हणाली, तुमचं काय, जमीन का सून? मी म्हटलं, ॲक्सिडेंट. ती म्हणाली, अरेरे, लई लागलं का तुमाला? मी म्हटलं, नाही, मला नाही.

ती सरकून बसली.

घरी येऊन वरणभात. टीव्हीवर काय होतं आठवत नाही.

२९ नोव्हेंबर

मोतीबागेत प्रशिक्षण. आठ-दहा जण आले, निम्मे उन्हाला बसले होते म्हणून. मी बाकावर ड्रायव्हरसारखी बसले आणि एकेक इशारा दाखवला. थांबणे: हात वर. हळू: हात खालीवर. उजवीकडे वळणे: हात लांब आणि मागून पुढे, मोठा. सगळ्यांकडून करून घेतला. अप्पारावांचा खांदा धरतो, तरी त्यांनी चांगला केला. चेहऱ्यावर तार ऑफिसचा काळ आला. पोस्टाचा, म्हणजे.

शेतात पाहणीला जायचे तेव्हाही हेच. बियाण्याच्या प्लॉटमध्ये रांगेतून चालायचं आणि वेगळं उगवलेलं प्रत्येक झाड उपटून टाकायला लावायचं. शेतकरी म्हणायचे, मॅडम, एकदोन राहू द्या. नाही म्हणजे नाही. एक भेसळ झाड राहिलं की अख्खा लॉट रद्द. माझ्या नजरेतून एकही सुटलं नाही. आणि मला एवढी मोठी स्कूटी दिसली नाही म्हणतात.

८ डिसेंबर

अप्पाराव फिरायला आले नाहीत. फोन केला. बायकोनं उचलला. म्हणाली, त्यांनी काल तुमचा हात केला गांधी चमनच्या चौकात, ॲक्टिवावरून. मागचा टँकर थेट उजव्या बाजूनं घुसला. वळायला गेले असते तर आज तुम्ही मयतीला आला असता. ते काही वळले न्हाईत, डिव्हायडरला टेकून उभे राहिले आणि घाबरून तिथंच रडले.

टँकरवाले अडाणी. परवाने कोण देतं यांना? परिवहन खात्याला तक्रार लिहिणार.

अप्पाराव फोनवर आले नाहीत. बरोबरच आहे, थंडी आहे.

१५ जानेवारी २०२६, गुरुवार

दुसरी तारीख. सुमेधा आली होती. अपिलात तिला यायची गरज नाही, अवधूतनं बोलावलं. का ते नंतर कळलं.

व्हरांड्यात माझ्यासमोर आली आणि तिळगूळ पुढे केला. डाव्या हातानं. मी म्हटलं, डाव्या हातानं देतात का तिळगूळ? शिक्षिका ना तुम्ही?

ती म्हणाली, उजवा वळत नाही मॅडम पूर्ण. हात पालथा होतो, उताणा होत नाही. त्याच्यावर द्यायला गेले की खाली पडतो. शाळेतल्या पोरांनी वड्या दिल्यात, संपतच न्हाईत. घ्या ना.

घेतला. खाल्ला. कडक होता. काही वाटलं नाही, दाढ दुखली.

मग अवधूतनं सांगितलं. सुमेधा तडजोडीला तयार आहे. दुखापतीचं कलम तिच्या संमतीनं मिटतं, बाकीच्यावर कोर्टही सौम्य होईल. तिला काही नको. मी एवढंच म्हणायचं की गैरसमज झाला, माझा हात तुम्हाला वेगळा वाटला, वाईट वाटतं. ती म्हणाली, मॅडम, मी तुम्हाला खोटं पाडायला आलेच न्हाई कधी. मला खरंच वाटलं तुम्ही जा म्हणताय. इतकं छान हात केला तुम्ही.

इतकं छान! मी म्हटलं, तडजोड करते, पण तुम्ही लिहून द्या की मी योग्य इशारा दिला होता आणि तुम्हाला तो कळला नाही.

 सुमेधा म्हणाली, ते कसं लिहू मॅडम? मी पोरांना शिकवते.

अवधूत तिला सोडायला गेटपर्यंत गेला. परत येऊन म्हणाला, मावशी, दार उघडलं होतं, तुमी कडी घातली. मी म्हटलं, मला दयेची सुटका नको. निर्दोष हवं.

घरी रिक्षानं. गाडीवर कव्हर घातलंय, ते काढायचं जिवावर येतं.

१६ जानेवारी

डाव्या हातानं देण्याचं मनातून जात नाही. मी बोलायला नको होतं. पण रीत ती रीत.

२ फेब्रुवारी

सुनावणीची तयारी. आरशासमोर इशारा केला. उत्तम. वयाच्या मानानं खांदा सुंदर फिरतो.

अवधूतचा फोन. म्हणाला, मावशी, एक हात जोडून सांगतो. अपिलात साक्ष नसते. कागद बोलतात. तुमी फक्त बसायचं. खोकला आला तरी माझ्याकडं बघून खोका. मी हो म्हटलं. पण योग्य वेळी बोलणार. कॉन्व्हेंटमध्ये वादविवादात मला ढाल मिळाली होती, ती शोकेसमध्ये आहे.

संकल्प: सुनावणीला स्वतः गाडी चालवत जायचं. रिक्षातून उतरणाऱ्या बाईला गाडी येते हे कोण मानेल?

२३ फेब्रुवारी

उद्या सुनावणी. कव्हर काढलं. किल्ली लावली. फिरवली नाही. थोडा वेळ बसले. स्टिअरिंगवर हात ठेवले. उजव्या दाराच्या पोच्यापाशी फटीतून आत थोडा उजेड येतो, तो आज पहिल्यांदा पाहिला. रबर निघालंय. बाकी काही नाही. पुन्हा कव्हर घातलं.

रिक्षा सांगून ठेवली.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

जेवले नाही. लिहून टाकते.

न्यायाधीश बाई होत्या. माझ्यापेक्षा खूप लहान, पण नीट. अवधूत पंचनाम्यावर बोलत होता, रस्त्याची रुंदी वगैरे. त्या म्हणाल्या, पण तुमचा मुख्य मुद्दा हाताच्या इशाऱ्याचा दिसतो. कुठला इशारा, हे रेकॉर्डवर कुठेच नाही. फिर्यादी म्हणते हात फिरवला, तुम्ही म्हणता इशारा दिला. म्हणजे नक्की काय?

मी उभी राहिले. अवधूतनं माझा पदर ओढला. म्हटलं, मॅडम, परवानगी असेल तर दाखवते. त्यांनी एकदा अवधूतकडे आणि एकदा सरकारी वकिलांकडे पाहिलं. म्हणाल्या, दाखवा.

मी पुन्हा बसले, गाडीत बसल्यासारखी. उजवा हात बाहेर काढला. कोपर सरळ. मागून पुढे, मोठा. बाबांसारखा.

माझ्या मागे फायलींचा गठ्ठा घेऊन शिपाई उभा होता. बाकांच्या मधून वाट अरुंद, मी हात काढला म्हणून तो थांबला होता. हात फिरला तशी त्यानं मान लववली, मला थँक्यू मॅडम म्हणाला, आणि माझ्या उजव्या बाजूनं पुढे गेला.

कोर्ट हसलं. पहिल्यांदा मागचे बाक, मग वकील. शिपायाला कळेचना. तो फायली छातीशी धरून मध्येच उभा राहिला, मग तोही हसला. न्यायाधीश हसल्या नाहीत. त्यांनी पाण्याचा ग्लास सरकवला, माझ्याकडे.

सरकारी वकिलांनी नियमांचं पुस्तक उघडून दिलं. चित्रं होती. उजवीकडे वळणे: हात सरळ बाहेर, तळवा पुढे, स्थिर. हलवायचाच नाही. त्याच्या खाली माझा हात. अगदी माझाच, बाहीसकट. मागून पुढे बाण काढलेला. खाली लिहिलेलं: मागील वाहनास पुढे जाऊ देणे.

मी विचारलं, ही आवृत्ती कुठली? न्यायाधीश म्हणाल्या, आवृत्ती नवी आहे, चित्र माझ्या जन्माच्या आधीचं आहे. रागावून नाही म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

निकाल दहा मार्चला.

बाहेर अवधूतनं आधी फायली पिशवीत भरल्या. मग म्हणाला, चहा घेता का मावशी? घेतला. गोड होता की नाही सांगता येणार नाही.

२५ फेब्रुवारी

नियम बदलले असणार मधे. हैदराबाद संस्थानचे वेगळे असतील. बाबा त्या काळातले. चौकशी करणार.

दुर्गाबाईनं सगळं ऐकलंय. अवधूतच्या आईनं सांगितलं.  जाताना म्हणाली, ताई, मी तर पहिल्या दिशीच जाऊ का इचारल्तं.

२७ फेब्रुवारी

चौकशी केली नाही.

४ मार्च

अप्पारावांकडे गेले. ते अंगणात बसले होते. मी म्हटलं, तो उजवीकडचा इशारा करू नका. ते म्हणाले, करतंय कोण, मी ॲक्टिवाच विकली. मग म्हणाले, बसा, भजी केलीत. बसले. रस्ता सुरक्षेचा राजीनामा त्यांच्याकडेच दिला. त्यांनी घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवला. वाचला नाही.

१० मार्च, मंगळवार

अपील फेटाळले. शिक्षा कायम. लायसन्सचे उरलेले महिने पुन्हा सुरू, ते आजच जमा केलं.

निकालात एक वाक्य आहे. अवधूतनं वाचून दाखवलं. अपीलकर्तीने न्यायालयासमोर स्वतः केलेले प्रात्यक्षिक फिर्यादीच्या कथनास पूर्ण पुष्टी देते. अवधूत म्हणाला, मावशी, दोन कोर्टं सुमेधाबाईला एवढा पक्का साक्षीदार शोधून राह्यली होती. हायकोर्टात जायचं का? मी नाही म्हटलं. तो चटकन बरं म्हणाला.

वाटलं काही नाही. सही करताना पेन चाललं नाही, दुसरं मागितलं.

११ मार्च

काल येताना रिक्षावाल्याला म्हटलं, मस्तगडवरून घे. चपलेचा अंगठा तिथल्या चांभाराकडून लावून घ्यायचा होता. ऑगस्टपासून राहिलाय.

आमच्या जुन्या गल्लीत रिक्षाला वळायचं होतं. उजवीकडे. मागे गर्दी, सगळे हॉर्न. रिक्षावाला तोंडाशी थांबला. हात बाहेर काढला आणि मागून पुढे फिरवला. सावकाश. एकेक जण पुढे गेला. दुधाच्या गाडीवाल्यानं हात उचलला, एका पोरीनं मान हलवली. सगळे गेले. रस्ता रिकामा झाला. मग तो वळला.

मी त्याला म्हटलं, थांब. तो म्हणाला, वळलो ना बाई आता.

बाबा फार हळू चालवायचे. मागे नेहमी रांग लागायची. गल्लीच्या तोंडाशी आलं की ते आधी सगळ्यांना जाऊ द्यायचे. मी शेजारच्या सीटवर, पाय जमिनीला न टेकणारे. मला दिसायचं एवढंच की हात फिरतो, लोक नमस्कार करतात आणि मग गाडी उजवीकडे वळते.

नमस्कार नव्हते ते.

बाबांना ओळखत कोणी नव्हतं. म्हणजे शेजारीपाजारी ओळखायचे, बाकी कोण ओळखणार. तारवाला माणूस.

सुमेधाचा नंबर अवधूतकडून घेतला. लावला नाही. शाळेची वेळ असते. संध्याकाळी लावते. काय बोलायचं ते लिहून काढलं होतं, इंग्रजीत चांगलं जमलं होतं, पण तिच्याशी इंग्रजीत कशाला बोलू. फाडलं.

दुर्गाबाई कुरडया घालायला आली. अंगणात मांजर येतं म्हणते. विचारत होती, गाडीच्या बॉनेटवर घालू का, तशीबी उभीच आहे.

मी हात वर केला. मग खाली घेतला.

तोंडानं सांगितलं, घाल.